येऊन गेलेली माणसं

विजेच्या सामानाच्या दुकानात माझ्या पुढे एक आजी होत्या, त्यामुळे माझी बल्बची खरेदी थांबली आणि दुकानदाराशी त्यांचं चाललेलं बोलणं ऐकू आलं.

"दारावरची बेल बंद पडलीय. घर भाड्याचं, आणि एजंट फोन उचलत नाही."

"अजिबात नाही?"

"एकदा उचलला. म्हणाला, माणूस पाठवला होता, बेल वाजवून वाजवून परत गेला."

"बेल दुरुस्त करणारा?"

"हो ना. वर मलाच म्हणतो, आजी, घरी थांबत जा."

"धन्य आहे! ही बिनतारी घ्या. भिंतीला चिकटवली की झालं, एजंटचे पाय धरायला नकोत. ऐका."

"अगं बाई, केवढ्यांदा वाजते!"

"आता आलेला माणूस परत जाणार नाही."

"आधीचे गेले असतील हो. धाकटी लेक याच गावात असते. जुन्या शेजारीणबाई आहेत. येऊन गेले असतील बिचारे."

"असतील की. आता ही लावा, म्हणजे कोण येतं ते कळेल."

"कळेलच."

"देऊ बांधून?"

"राहू द्या. एजंटलाच पुन्हा फोन करून बघते."