सेकंदाला दहा फ्रेम

गौतमी : कोपऱ्यातला आकडा बघ. नुसता गेम चालू आहे तोवर सेकंदाला सत्तर चित्रं, सत्तर फ्रेम. आता रेकॉर्डिंगचं बटण दाबते. बघ. चौदा.

मल्हार : मशीन जुनं हाय गं. पंखा असा घरघरतोय की गिऱ्हाईक इचारतं, सायबर कॅफे हाय का पिठाची गिरणी.

गौतमी : मशीनला नावं ठेवू नको. दोन वर्षं आपण ह्याच्यावर खेळलो, कधी अडकलं नाही.

मल्हार : खेळायचं येगळं. रेकॉर्डिंग म्हंजी पडद्यावरचं एकेक चित्र डिस्कवर लिहायचं. त्याला येळ लागतो, मग गेम अडकत चालतो. त्याला मी काय करू?

गौतमी : काही तरी कर. शिरूरमध्ये हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फक्त तुझ्याकडं आहे, म्हणून मांडवगणवरनं पहिली यष्टी धरून आलेय. स्पर्धेच्या आनंदराव सरांनी आज संध्याकाळपर्यंत नवं रेकॉर्डिंग मागितलंय. टीममधली जागा तर गेली, निदान नाव तरी साफ होईल.

मल्हार : ते पुण्याचे लोक. मागत्यात आन् बघत न्हाईत. पुढल्या वर्षी परत स्पर्धा हाय, तवा ये की निवांत.

गौतमी : पुढल्या वर्षी चीटर म्हणून येऊ? पहिलं रेकॉर्डिंग बघून ते काय म्हणाले, तू शेजारीच उभा होतास. बंदुकीचं टोक भिंतीवरनं थेट डोक्यावर उडी मारतंय, मधला रस्ताच दिसत नाही. माणसाचा हात असा फिरत नाही, म्हणजे पोरीनं निशाणा धरायचं सॉफ्टवेअर लावलंय.

मल्हार : पोरांनी थोडं दिवस चिडवलं असंल. इसरत्यात.

गौतमी : पोरांचं सोड. क्लासच्या सरांनी मला घरी बसवलंय. म्हणाले, पालक विचारायला लागलेत, कॉम्प्युटरवर लबाडी करणारी बाई आमच्या पोरांना काय शिकवणार.

मल्हार : ...हे मला ठावं न्हवतं.

गौतमी : आता कळलं ना? मग बस इथं. गेम कुठल्या डिस्कवर आहे?

मल्हार : सी वर.

गौतमी : आणि रेकॉर्डिंग?

मल्हार : ते बी सी वर.

गौतमी : म्हणजे एकाच डिस्कवरनं वाचायचं पण आणि लिहायचं पण. ह्यात दुसरी डिस्क आहे ना? पिक्चर ठेवतोस ती?

मल्हार : हाय. भरलीय पण.

गौतमी : चार पिक्चर उडव. रेकॉर्डिंग तिकडं जाऊ दे.

मल्हार : बरं. उडवले. आन् साईज अर्धी करतो, पुऱ्या साईजला लई लिहावं लागतं. अँटीव्हायरस बी बंद करतो, ते मधीच तोंड घालतं.

गौतमी : आता खेळते. बटण दाबलं... अठ्ठेचाळीस. पन्नास. बघ, खाली येतच नाही! ह्या दारातनं एक निघेल आता. गेला. दुसरा जिन्यावर. गेला!

मल्हार : तुझा हात काय गेला न्हाई अजून.

गौतमी : थांब, आता रेकॉर्डिंग लावून बघू. ...हे काय? खेळताना तर एकदम गुळगुळीत होतं. इथं परत तसंच. टोक उड्याच मारतंय.

मल्हार : ऱ्हाऊ दे गं. कॉम्प्युटर एकडाव बंद करून चालू करतो. तू जा, समोरनं चहा सांगून ये.

गौतमी : चहा नको. सॉफ्टवेअरची सेटिंग उघड.

मल्हार : ती मी बघतो. तू ऊठ.

गौतमी : मल्हार, माऊस सोड. ...फ्रेम, सेकंदाला दहा. दहा?

मल्हार : असंल मूळचंच.

गौतमी : मूळचं नाही. वर तीस आहे, पन्नास आहे, साठ आहे, त्यातलं एक निवडायचं. दहा हवं असलं तर खालच्या चौकोनात हातानं लिहावं लागतं. कुणी लिहिलं?

मल्हार : कॅफेत काय कमी पोरं येत्यात? कुणी बी केलं असंल.

गौतमी : ह्या सॉफ्टवेअरला तू पासवर्ड घातलायस. मघाशी तूच टाकलास. सेकंदाला दहाच चित्रं घेतली तर मधला हात दिसणारच नाही. हे तुला माहीत होतं.

मल्हार : मला वाटलं, रेकॉर्डिंग खराब हाय म्हणून नाकारतील. बास, एवढंच. तुला चीटर म्हणतील असं मनातसुदिक न्हवतं आलं.

गौतमी : नाकारलं असतं तर माझ्या जागी कोण गेलं असतं?

मल्हार : टीम मी गोळा केली. दौंडला चकरा मारून चार पोरं मी आणली. कॅफे माझा, मशीन माझं. आन् ती पोरं माझ्याच दुकानात बसून म्हणाली, पाचवी गौतमी, मल्हार राखीव. तू तिथंच हुतीस. हसलीस.

गौतमी : आनंद झाला म्हणून हसले. तुला नव्हते हसले.

मल्हार : मला कसं कळणार ते?

गौतमी : विचारायचंस. आणि चीटर म्हटल्यावर तरी तोंड उघडायचंस. तीन आठवडे झाले. मी रोज फोन करत होते, मल्हार काय चुकलं असेल, मल्हार परत बघू या का. तू मला म्हणालास, आपलं नशीब.

मल्हार : तवा बोललो असतो तर समद्यांनी मलाच धरलं असतं.

गौतमी : आता लाव फोन. आनंदराव सरांना.

मल्हार : आता? आगं, परवा स्पर्धा हाय.

गौतमी : लाव.

(मल्हार काऊंटरवरचा फोन ओढून घेतो.)

मल्हार : हॅलो, सर, शिरूरवरनं मल्हार. ...न्हाई, रेकॉर्डिंग हुतंय, चांगलं हुतंय. दुसरंच बोलायचं हुतं. गौतमीनं काय केलेलं न्हाई, सर. फ्रेम मी कमी ठेवल्या हुत्या. ...व्हय. मीच. ...ठावं हुतं, सर. ...पण दौंडच्या पोरांचा काय गुन्हा? त्यांना ह्यातलं... सर? बरं. बरं, सर. ठेवतो.

गौतमी : काय म्हणाले?

मल्हार : यादी कालच बंद झाली. तुझं नाव आता घालता येत न्हाई. तुझ्या जागी माझं हुतं, ते बी काढलं. आन् चार जणांची टीम चालत न्हाई.

गौतमी : म्हणजे कुणीच नाही.

मल्हार : कुणीच न्हाई. दौंडची पोरं आज दुपारपास्नं पुण्यात हाईत. त्यांना मी काय सांगू?

गौतमी : मला सांगितलंस तेच सांग. आपलं नशीब.

मल्हार : गौतमी, मी चुकलो.

गौतमी : कागद आहे का?

मल्हार : कशाला?

गौतमी : क्लासच्या सरांना दाखवायला. मी काय केलं नाही आणि तू काय केलंस, ते लिही. खाली सही.

मल्हार : गावात फिरंल तो कागद. कॅफेत कोण येईल मग?

गौतमी : मला वर्गात कोण बसू देतंय?

मल्हार : ...चुकून झालं असं लिहिलं तर?

गौतमी : तुझा कागद आहे. तुला खरं वाटेल ते लिही. मी सांगणार नाही.

(मल्हार कागद ओढून लिहायला लागतो.)

गौतमी : झालं?

मल्हार : झालं. वाच. 'मुद्दाम' लिहिलंय. दोनदा लिहिलंय.

गौतमी : दिसतंय.

मल्हार : आता तरी काय तरी बोल.

गौतमी : दोन वर्षं शेजारी बसून खेळलो. तुझं अक्षर आज पहिल्यांदा बघितलं. चांगलं आहे.