ससा दुसऱ्या पानापुढे जात नाही

...झोपली! त्या दिवशीपण झोपली! दुसऱ्या पानावर! अहो, सशाचा बूट हरवलाय, ससा बिचारा एका पायावर उड्या मारत खारीच्या दारापर्यंत आलाय, मी तो खारीचा शब्द तोडून तोडून वाचतोय, 'ता... राम्... ज्वी', आणि समोर फोनमध्ये आमची नात तोंड उघडं टाकून डाराडूर! तुम्हाला सांगतो, एवढा अपमान आयुष्यात झाला नव्हता. अहो, मी बातम्या वाचलेला माणूस!

हसताय काय? रेडिओवर! उभी हयात! पूर आला, सरकार पडलं, कुठल्या तरी देशाला नवा पंतप्रधान आला आणि त्याचं नाव असं की जिभेला गाठ पडावी... मी एका दमात! कागद हातात पडायचा नि लाल दिवा लागायचा, मध्ये श्वास घ्यायची सोय नाही. अडखळायचं नाव नाही! आणि तो मी सशापाशी अडखळत होतो. तो... क्... की. तोक्की म्हणजे ससा. तो पळतो, मी मागे राहतो.

झालं काय, चिरंजीव नोकरीसाठी गेले कोरियाला, तिथलीच मुलगी केली. सूनबाई सोन्यासारखी, तक्रार नाही. नात झाली. आता चार वर्षांची आहे, गोल नि चपटी, मी तिला बटण म्हणतो. बटणाला आईची भाषा पक्की. बालवाडीत तीच, शेजारीपाजारी तीच. मराठी म्हणाल तर 'आजी' आणि 'नको', संपली मराठी. म्हणजे मी कोण? मी स्क्रीनवर दात काढून हात हलवणारा म्हातारा! किती वेळ हलवणार हो हात? मी काय गाडी सुटताना फलाटावर उभा आहे?

म्हटलं, पोरीला गोष्ट वाचून दाखवायची. तिच्या भाषेत. तिची दुपारची झोपायची वेळ, माझी सकाळची दाढीची वेळ, जमतंय. तर चिरंजीव म्हणतात, (तो आवाज ऐका, ऑफिसातला!) "बाबा, कशाला त्रास घेता? ॲप आहे ना. पान दाखवलं की ॲप वाचतं." म्हटलं, ॲप तिचा आजोबा आहे का? ॲपला संधिवात आहे का? पुस्तकाची एक प्रत इकडे पाठव, मी वाचणार! मी बातम्या वाचलेला माणूस!

मग लावली शिकवणी. शिकवणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची, पण काय दरारा! "आजोबा, अक्षरं सोपी आहेत." सोपी? एकावर एक रचून ठेवलेली, बिऱ्हाड हलवताना टेम्पोत सामान रचतात तशी! एक गोल आहे. तो वर बसला तर मुका, आणि खाली बसला तर 'ङ' म्हणून कण्हतो. तोच गोल! स लिहितात, तो तळाला गेला की त वाचायचा. मी विचारलं, का? बाई म्हणाली, "'का' असं विचारायचं नाही, पुढे वाचायचं." मी म्हटलं, अगं बाई, आमच्या मराठीत...! "आजोबा, पुढे!"

वाचलं तर वाचलं, ते डोक्यात राहायला नको? रात्री पाठ केलेला शब्द सकाळी गायब. भाडं न देता पळालेला भाडेकरू! आणि एकेक शब्द असा लबाड... 'सागवा' म्हणजे सफरचंद, आणि 'सागवा' म्हणजेच माफी! 'नून' म्हणजे डोळा, आणि 'नून' म्हणजेच बर्फ! डोळ्यात बर्फ गेला तर ही माणसं म्हणतात तरी काय?

बाईनं सांगितलं, घरभर चिठ्ठ्या चिकटवा. चिकटवल्या. दारावर, फ्रिजवर, आरशावर. आठवडाभरात मला त्या दिसेनाशा झाल्या, जसं हिला माझं टक्कल दिसेनासं झालं. हिनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, सगळ्या चिठ्ठ्या उपटल्या आणि वेगळाच मार्ग काढला. "ऐकलंत का? तो नेंजांगो कोणी उघडा टाकला? दूध नासलं!" नेंजांगो म्हणजे फ्रिज. "आनग्यॉंग बाथरूममध्ये विसरलात! पुन्हा!" आनग्यॉंग म्हणजे चष्मा. "शिनबाल बाहेर काढा, लादी पुसलीये!" शिनबाल म्हणजे चपला. आणि काय सांगू, बसला की हो शब्द! जो शब्द शिव्या खाताना ऐकला तो जन्मात विसरत नाही. ही स्वतः एक अक्षर वाचत नाही, नुसतं शिकवणीच्या वेळी शेजारी बसून भाजी निवडते, आणि शब्द माझ्यापेक्षा जास्त! म्हटलं, तू कशी शिकलीस? म्हणे, "तुम्हाला बोलायला लागतात ना."

शब्द बसले, पण वेग? बटण रोज खारीच्या दारात झोपणार! बाई म्हणाली, "आजोबा, अक्षर अक्षर लावू नका. अख्खा शब्द एकदम बघा, ओळखीचा माणूस लांबून ओळखतो तसा. एकच पान पुन्हा पुन्हा, मोठ्यानं." मग काय! चहाबरोबर ससा, आंघोळीआधी ससा. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर खाली आले, "काका, घरी कोणी आजारी आहे का? सकाळपासून कण्हणं ऐकू येतंय." म्हटलं, तो गोल आहे! खालचा गोल! वाचणार, डॉक्टर! अहो, मी बातम्या वाचलेला माणूस!

आणि एके दिवशी... सुटलो! खार गेली, बेडूक गेला, नदी गेली, पूल गेला, सशाचा बूट सापडला, ससा घरी! एका दमात! शेवटी सवयीनं 'बातमीपत्र संपलं' म्हणणार होतो, ते तेवढं आवरलं. बघतो तर बटण टक्क जागं! उठून बसलेलं, गाल लाल! "हाराबोजी! त्तो! त्तो!" हाराबोजी म्हणजे आजोबा, त्तो म्हणजे पुन्हा! अहो, मला हाक मारली तिनं! गोष्ट पुन्हा वाचली. त्तो! पुन्हा वाचली. घसा बसला तरी वाचली. फोन ठेवला आणि... काही नाही, दाढीचा साबण डोळ्यात गेला होता.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांचा फोन. मला वाटलं, अभिनंदन. तर म्हणतात, "बाबा, काय केलंत हे? ती काल झोपलीच नाही! संध्याकाळभर थयथयाट, ताट फेकलं, आईला चावली! प्लीज, आधीसारखं वाचा ना. अडखळत." मागून सूनबाई, जमवलेल्या मराठीत, हात जोडून, "बाबा... हळू छान! हळू खूप छान!"

अडखळत? मुद्दाम? मी? मान कापून देईन, पण मुद्दाम अडखळणार नाही, सांगून ठेवलं! मी बातम्या वाचलेला माणूस! सूनबाई हुशार. तिनं पार्सल पाठवलं, समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माशांचं जाडजूड पुस्तक. एकेका माशाचं नाव असं, की जुने पंतप्रधान बरे. मुद्दाम कशाला, खराखुरा अडखळायला लागलो! पहिल्या माशाच्या शेपटीपर्यंत बटण झोपलं. दुसऱ्याला तिच्याशेजारी सूनबाई आडवी झाली. मागे वळून बघतो तर ही, भाजीच्या ताटावर मान टाकून! मी आपला वाचतोय. तेवढ्यात हिनं एक डोळा उघडला, "अहो, सगळे झोपलेत. कोणासाठी वाचताय?"

म्हटलं, झोप तू. आयुष्यभर बातम्या वाचल्या, तेव्हा तरी कोण जागं होतं, हे मला कुठं दिसत होतं?