ऑपरेटरबाईंची ढोलकी

मंडळी, ऐका! आणि ढोलकीवाले, तुम्हीही ऐका! आजच्या कीर्तनात तुमच्या वाद्याची गोष्ट आहे, डोळे मिटून बसू नका!

आधी एक प्रश्न. गुडघा दुखला की आपण म्हणतो, फार वापरला, झिजला. मग बुद्धी कशानं झिजते हो? वापरून, की न वापरता जपून ठेवून? आं? पुढचे काका म्हणतात, "न वापरून." वा! मग काका, सांगा बरं काकूंचा मोबाईल नंबर! अहो... अहो, खिशात हात नका घालू! नंबर डोक्यातून काढा! (काकू, रागावू नका. तुमच्या फोनात काकांचं नाव कोणत्या शब्दात लिहिलंय, ते मी विचारत नाही!)

हसलात? हसा. आता आख्यान.

जळगाव जिल्ह्यात सावदा. केळीचं गाव. तिथं राहत होत्या द्वारकाबाई भारंबे. एके काळी तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. तरुणांनो, तेव्हा फोनला बटणं नव्हती बरं का! रिसीव्हर उचलायचा, पलीकडून बाईंचा आवाज यायचा, "बोला." आपण नंबर सांगायचा, की बाई वायर खुपसून जोडून द्यायच्या. पण सावद्यात नंबर सांगायचा कोण? लोक नुसतं म्हणायचे, "बाई, डॉक्टर द्या!" आणि डॉक्टर घरी नसले तर कोणाच्या ओट्यावर पत्ते खेळताहेत, तेही बाईंना ठाऊक! तीनशे नंबर तोंडपाठ. नोकरीभरात चुकीचा फोन जोडला नाही. एकदाही नाही! आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. दिवसातून दोनदा!

आता वय एकाहत्तर. यजमान गेले. मुलगा उल्हास नाशिकला. बाई एकट्या. सकाळी चहा, दुपारी मालिका, संध्याकाळी तीच मालिका परत! भाजीला जायची वाट तीच, भाजीवाली तीच, घासाघीससुद्धा तीच!

आणि एका सकाळी काय झालं... हातात मेथीची जुडी, चौकात उभ्या, आणि घर कुठल्या गल्लीत, आठवेना! इकडं बघतात, तिकडं बघतात. भाजीवालीला विचारलं, "का गं, माझं घर कुठं?" तिला वाटलं थट्टा. ती म्हणाली, "माहेरी निघालात काय बाई?" बाईही हसल्या. पण मंडळी, ते हसू तोंडावरचं! शेवटी शेजारची एक बाई आली, तिच्या मागं मागं चालत घर गाठलं.

दाराला कडी लावली, आणि बसल्या नंबर म्हणायला. "एक, पोलीस ठाणं. दोन, दवाखाना. तीन, पाटलांचा वाडा..." दोनशे नव्वदपर्यंत न अडखळता! मग स्वतःशी म्हणाल्या, "द्वारके, तुला काही झालं नाही."

पण शेजारणीच्या ते लक्षात आलं होतं, तिनं नाशिकला फोन केलाच. उल्हास म्हणाला, "आई, घराला कुलूप लाव. रामनवमीला गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव." आता हो? पंचेचाळीस वर्षांचं घर!

बाई गेल्या डॉक्टर उषाकडं. बाईंनी तिला झबल्यात पाहिलेली. तिनं तपासलं, रक्त तपासलं, जळगावला पाठवून डोक्याचा फोटो काढून आणला. म्हणाली, "काकू, वयानं होतं तेवढंच दिसतंय. पण सांभाळायला हवं."

"अगं, मला तीनशे नंबर अजून पाठ आहेत! म्हणून दाखवू?"

"नको. काकू, बाजारातून परत येताना गाडीवान झोपला तरी बैल घरी येतात की नाही? हे नंबर म्हणजे ते बैल. मला गाडीवान जागा आहे का ते बघायचंय."

"मग काय करू?"

"नवीन शिका. हातांना काम, पायांना काम, कानांना काम. आणि असं काही निवडा, की जे तुम्हाला अजिबात येत नाही. लोक हसतील असं!"

"उषे! मला? हसतील?"

"गुण येईलच अशी हमी देत नाही. हे औषध नाही. पण बसून राहण्यापेक्षा खूप बरं."

मंडळी, बाई तीन दिवस रुसून बसल्या! कारण अवघड काय होतं? शिकणं? नाही! हसू करून घेणं! आयुष्यभर ज्यांची चूक कोणी काढली नाही, त्यांनी म्हातारपणी पहिलीच्या वर्गात बसायचं?

चौथ्या दिवशी उठल्या. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, केळीच्या बागांपलीकडं, हिरामण ढोलकीवाला राहायचा. साठीचा, फटकळ. त्याच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. "हिरामण, मला ढोलकी शिकव."

हिरामणनं चिलीम खाली ठेवली. "बाई, उन्हात आलात का?"

पण बसवलं हो! धा गे ना ती, न क धी ना. तोंडानं म्हणायला पाच मिनिटं. हातानं? अरे देवा! उजवा चालला की डावा थांबतो. डावा उचलला की उजवा बघत बसतो. हिरामण कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, तुमचे दोन हात म्हणजे सख्ख्या जावा झाल्यात! एक बोलली की दुसरीनं अबोला धरलाच!"

अंगणातल्या बाया खो खो हसल्या. बाईंचे कान तापले. वाटलं, उठावं, पुन्हा इकडं फिरकू नये. पण नाशिकची गाडी डोळ्यांपुढं आली. बसून राहिल्या.

रोज जाऊन येऊन तीन किलोमीटर, पायी. आणि उषानं बजावलेलं, रोज वेगळ्या गल्लीनं! ज्या गावाचे सगळे फोन जोडले, त्या गावाच्या निम्म्या गल्ल्या बाईंनी पाहिल्याच नव्हत्या! एका दिवशी कुंभारांच्या भट्टीपाशी रमल्या, एका दिवशी गिरणीवाल्याच्या बायकोशी भरताचं वांगं कसं भाजायचं यावर भांडून आल्या. रात्री गाढ झोप. मालिकेत कोण कोणाची सून, विसरून गेल्या! तेवढं विसरलेलं चालतं!!

दोन महिने गेले. रामनवमी आली. राममंदिरात बायकांचं भजन. वंदना नावाची सुरेल बाई गाणारी, आणि ढोलकीवर द्वारकाबाई! उल्हास गाडी घेऊन हजर, मागच्या खांबापाशी उभा.

पहिलं कडवं छान गेलं. दुसरं छान. तिसऱ्याला वंदनानं लय वाढवली, आणि बाईंचे हात अडकले! धा गे... धा गे... पुढं काही नाही! टाळ थांबले. गाणं थांबलं. उल्हासनं मान खाली घातली. त्याला वाटलं, झालं, आई आता उठून जाणार.

बाईंनी ढोलकीवरून हात उचलले. सगळ्यांकडं पाहिलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वंदना, मी चुकले. तिसरं कडवं परत घे."

मंडळी! एकाहत्तर वर्षांत हा शब्द त्या तोंडातून बाहेर पडला नव्हता हो! "मी चुकले." बोलून झालं, आणि बाईंना छातीवरचा पाटा कोणी उचलल्यासारखं वाटलं. हिरामण दारातून ओरडला, "घ्या बाई, घ्या! जावांचं भांडण मिटवा!" देऊळ हसलं. बाईही हसल्या, आणि हे हसू आतून आलेलं. मग जी थाप पडली! तिसरं झालं, चौथं झालं, गजर झाला, बाया फुगड्या घालायला उठल्या!

सकाळी उल्हास चहा पिता पिता म्हणाला, "आई, तू आमच्या फ्लॅटात ढोलकी वाजवलीस तर खालचे लोक वर येतील."

"मग?"

"मग तू इथंच राहा. पण रोज संध्याकाळी फोन. आणि उषाताईकडं दर तीन महिन्यांनी."

गाडी रिकामी परत गेली!

मग बाईंना सगळं आठवायला लागलं का? नाही हो, खोटं कशाला सांगू! दूध अजून उतू जातं. चष्मा डोक्यावर असतो आणि शोध पलंगाखाली चालतो. पण त्या दिवसासारखं परत घडलं नाही, आणि घडलं तर मोकळेपणानं विचारायचं, हे त्यांनी ठरवून टाकलंय. दीड वर्षानं उषाला म्हणाल्या, "ढोलकी आता आपोआप वाजते गं. मजा गेली." आणि गेल्या जुबेदाबी शिवणवालीकडं, उर्दू अक्षरं शिकायला! उजवीकडून डावीकडं! आता बाजारातल्या पाट्या वाचतात. एकेक अक्षर जुळवत, दुकानाच्या बरोब्बर दारात उभ्या राहून. गिऱ्हाईकं मागं खोळंबतात. दुकानदार म्हणतो, "काकू, मीच सांगतो ना!" बाई म्हणतात, "सांगशील तर खबरदार!"

तेव्हा मंडळी, एक ओवी ऐका. माझीच आहे, उगाच कोण्या संताच्या नावावर खपवू नका!

येते ते करावे | त्यात काय नवे |
न येते शिकावे | हसत हसत ||

तुम्ही म्हणाल, बुवा, आमचं वय झालं. गुडघे दुखतात. वेळ नाही. अहो, मालिकेला वेळ आहे! शब्दकोडं सोडवता? उत्तम! पण वीस वर्षं तेच सोडवत असाल तर आता जरा उठा, सुनेकडून पुरणपोळी लाटायला शिका. फाटेल! फाटू द्या! आणि सूनबाई, सासऱ्यांच्या पोळीला हसा, पण खा!

आता माझं सांगतो. बावीस वर्षं मी एकच आख्यान सांगत आलो. तोंड चालायचं, आणि मन घरी जाऊन जेवून यायचं! लोक म्हणायचे, वा बुवा, काय पाठ आहे! हे आख्यान आज पहिल्यांदा उभं केलं. घाम फुटलाय, उपरणं बघा! एक दृष्टांत सांगायचा राहून गेला, आणि पेटीवाल्यांना विचारा, ओवीचा सूर कसा लागला! पेटीवाले, मी चुकलो. ओवी परत घेतो. तुम्हाला कोणाला येत नाही, मलाही नीट येत नाही. सोपं झालं! टाळ उचला, मोठ्यानं म्हणा, आणि चुकत चुकत का होईना, आवाज देवापर्यंत पोहोचू द्या!