मेणावरचं बटण

– बसा की पावणं, गाडी पाचची हाय, पुण्यात तुमच्या नावानं कोण रडत बसलंय? च्या घ्या. – व्हय, हसतोय, हसणारच की. सहा म्हैनं झालं, आमच्या इंजनाची डिझेलची नळी तुटती आणि सगळी म्हणत्यात, बाबालालनं मारलेला डाख कच्चा. तीस वर्सं पितळंचा डाख मारतोय मी. म्हणत हुतो, रुद्रय्यानं ओतलेलं टाकीचं ब्रॅकेट लेचंपेचं हाय – टाकी एकीकडं डुलती, इंजन दुसरीकडं, मधी नळीचा जीव जातोय. मालक म्हणलं, पुण्याचं सायेब येऊन बघू देत, ज्याची चूक निघंल त्यो उद्यापास्नं घरी.

मग तुम्ही आलासा ती हलणं मोजायची दोन बटणं घिऊन – अ‍ॅक्सिलरोमीटर का काय, आमची जीभ वळत न्हाय. एक टाकीवर, एक इंजनाच्या पट्टीवर, आणि चिकटवलं कशानं, तर मेणानं. मला वाटलं बेंदराला बैलाच्या शिंगास्नी बेगड लावतायसा. पर शाणं हाईसा – एकाच्या हलण्यातनं दुसऱ्याचं वजा केलं की मधलं अंतर किती कमीजास्त होतंय ते कागदावर. दोघं एकाच बाजूला डुललं तर काय न्हाय, नळी खुशाल. आमची अमीरबी आणि मी तसंच – दोघंबी तापट, पर एका टायमाला एकाच माणसावर तापतो, म्हणून संसार टिकला. आणि तुमची रेघ सकाळी कशी बारीक हुती, दुपारी केवढी उसळली. अंतर लई हलतंय म्हणलासा, रुद्रय्या मान खाली घालून गेला. वाईट वाटतंय हो, पोरीचं लगीन ठरलंय त्याच्या.

– आता ह्यात माझाबी हात हाय बरं का. तुम्ही जेवायला गेलतासा तवा मेण इतळून इंजनावरचं बटण पडलं. म्हणलं, पावण्याला कशाला तरास, दिलं चिकटवून. वर तापतंय, म्हणून त्याच पट्टीला खालच्या अंगानं लावलं, घट्ट. – व्हय, खालनं. – उलटं न्हाय तर काय, खालनं सुलटं चिकटंल व्हय? – च्या का ठेवलासा? पेटी का उघडताय?

– म्हंजे... इंजन वर गेलं की त्ये खाली म्हणतंय? मग दोघं संगं डुलत असली तरी कागद म्हणणार, उलटी डुलत्यात. आणि सकाळची बारीक रेघ खरी. मग नळी तुटती ती...

– सयाजी, पळ पोरा, रुद्रय्या फाटकापतूर गेला असंल, माघारी बोलव त्याला. – आणि पावणं, बटण सुलटं लावा. माझ्याकडं बघू नगा. चालू करा इंजन.