मे महिन्यातलं जाकीट

न्हाई न्हाई, जाकीट राहू द्या डॉक्टरसाहेब, जाकीट आपलं अंगावरच बरं—पंखा तेवढा वाढवा. पाचवरच हाय? मग राहू द्या. घामाचं काय, लातूरच्या मे महिन्यात भिंतीला बी घाम येतो. तुम्ही माझं सोडा, पोराचं बघा. पेशंट पोरगं हाय, मी न्हाई. कागदावर नाव रामलिंग लिहा, पुढं शेषेरावभाऊंचा मुलगा एवढं लिहिलं तरी औशापासून निलंग्यापर्यंत कळतं. तर पोरगं फिजिक्सच्या तासाला बाकावरून धाडकन खाली पडलं. सर म्हणले, उपाशी असंल. मी म्हणलं, मेसवाल्याकडं बघतोच. इथं घेऊन आलो, तर तुम्ही शर्ट वर केला आन आत छातीला पट्टी! पाय मुरगळल्यावर बांधतेत ती लांब पट्टी, गरगर गुंडाळलेली, वरून चिकटपट्टी—लेकरानं श्वास घ्यावा कुठून? आन सोडायला गेलं तर तुमच्या कंपाउंडरच्या हाताला चावलं. चावलं की न्हाई? आता पलीकडच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलंय. त्याच्या वतीनं मी माफी मागतो. कंपाउंडरचा कुणी पोरगा असंल क्लासला लावायचा तर सांगा, लगेच लावतो.

हाव, तुम्ही म्हणलाव ते ऐकलं मी. ह्या वयात लई पोरांच्या छातीला असा उभार येतो, बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतो, न्हाईच बसला तर ऑपरेशन करता येतं, त्यात लाजण्यासारखं काही न्हाई. ऐकलं, पटलं, मिटलं. द्या एखादी गोळी. काय? घरात आणखी कुणाला? न्हाई. छे! आमच्या घराण्यात असलं काही न्हाई. आमच्याकडं सगळे—बघा की माझ्याकडं. बघा म्हणजे वरून बघा. तुम्ही सारखे जाकिटाकडं का बघून राहिले? तुम्ही चंदीगडला शिकून आलाव, तिकडं थंडी, तिकडं जाकिटाला कुणी काही विचारत नसंल. इकडं बी कुणी विचारत न्हाई तसं. वीस-बावीस वर्षांत पहिले तुम्हीच.

आता विचारलावच तर सांगतो, उगं तुमचा गैरसमज नको. हे जाकीट मला भूकंपानं दिलं. हसू नका. मी तवा एकोणीस-वीस वर्षांचा. आमचं गाव काठावरचं, भिंती फाटल्या पण माणसं वाचली—पलीकडच्या गावांचं तर नाव काढलं की अजून घास उतरत न्हाई. आम्ही सगळे रानात, ताडपत्रीखाली, अंगावरच्या कपड्यांनिशी. मी आपला टॉवेल पांघरून. टॉवेल माझ्या अंगावर कायमच असायचा, दोन्ही खांद्यांवरून पुढं सोडलेला—घाम पुसायला. थंडीत बी. मला थंडीत घाम यायचा. तर मदतीचे ट्रक यायला लागले. सगळ्या देशानं कपाटं रिकामी करून धाडलेली. सुटाबुटाचे कोट, लोकरीच्या टोप्या, एका गठ्ठ्यात तर नवरीचा शालू. बाया चादरी शोधून राहिल्या होत्या आन माझ्या हाताला हे लागलं—हे म्हणजे ह्याचा आजा. जाड खादीचं जाकीट, बंद गळ्याचं. घातलं. बटणं लावली. खाली बघितलं तर डॉक्टरसाहेब—सपाट! म्हणजे सपाट असं न्हाई, नीटनेटकं. किती वर्षांनी मी पाठ सरळ करून उभा राहिलो असंल. आन नेमकी त्याच वेळेला मदतीवरच्या सरकारी साहेबाची जीप आली.

साहेब खाली उतरला, म्हणला, गावाचा पुढारी कोण? सरपंच होते की समोर. पण सरपंचांच्या अंगात धोतरावर बाईमाणसाचा गुलाबी स्वेटर, गारठा होता ना पहाटेचा. साहेबानं सगळ्यांवरून नजर फिरवली, सरळ माझ्याकडं आला, हात पुढं केला—बोला, काय काय पाहिजे गावाला? मी काय बोलणार? म्हणलं, 'सगळंच.' साहेबानं मान डोलावली. गाव खूश. सरपंच बी खूश, त्यांना साहेबलोकांशी बोलायचं भ्या वाटायचं. तवापासून मी भाऊ. काल-परवापर्यंत हीच माणसं विहिरीवर मला शेषाबाई म्हणून हाका—काही न्हाई. शेषेराव म्हणायची. मी पोहायचं सोडलं, ते पाणी थंड असायचं म्हणून.

मग राहायला पत्र्याची घरं आली, नवं गावठाण झालं, आन पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. काय ते पीक! गावोगावचे आईबाप ट्रंका घेऊन उतरायचे, नायगावचे, पार हिमायतनगरचे—भाऊ, पोराला डॉक्टर करायचंय, हॉस्टेलला खाट बघा. भाऊ, सरांना एक शब्द टाका. आन नवा क्लास निघाला की फीत कापायला कोण? मी. मी दहावी नापास हाय साहेब. फीत कापायला दहावी लागत न्हाई, जाकीट लागतं. आज बी एक फीत हाय, इथून तिकडंच जायचंय, फोन येईलच.

जाकिटं सगळी जिलानीभाईंकडची, गंजगोलाईच्या बाजारामागं शिलाईचं दुकान हाय त्यांचं. पहिल्यांदा माप घेताना त्यांनी छातीवरून टेप फिरवली, थांबले, वर बघितलं आन हळूच म्हणले, 'शरमाओ नक्को भाऊ, अंदर डबल कॅनव्हास डालतूं मैं.' बास. पुन्हा कधी विषय न्हाई. लई खानदानी माणूस. आता मजा ऐका. माझं जाकीट बघून माझ्यामागं फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी बी जिलानीभाईंच्या दारात रांग लावली. का? तर भाऊसारखी भरदार छाती दिसली पाहिजे! म्हणजे बघा, माझ्या जाकिटात दाबायला कॅनव्हास आन त्यांच्या जाकिटात फुगवायला कापूस, एकाच मशीनवर. जिलानीभाई मला म्हणले, भाऊ, मेरे समझ में नहीं आता, रोना के हसना. बाहेर तुमच्या बाकड्यावर ते चौघं ताठ बसलेत ना? सगळा कापूस हाय.

दाबायला म्हणलो का मी? म्हणलो असंल. फिटिंगला म्हणतेत तसं. तुम्ही बोलायला लावलालाव मला, तुमचं चूप बसणं लई वाईट. चूप बसायचं बी शिकवतेत का चंदीगडला?

बरं, हळदीचं सांगतो, मग तुम्हाला जाकिटाची महती कळंल. नवरदेवाला हळदीला उघडंच बसवतेत, ठाऊक हाय. माझ्या लग्नात सगळ्या बाया वाटी घेऊन गोळा झाल्या—काढा सदरा, काढा जाकीट! मी म्हणलं, नवस हाय. कसला नवस? म्हणलं, भूकंपातून वाचलो तो ह्या जाकिटात, ते उतरवायचं न्हाई. मग एका म्हातारीनं हात जोडले जाकिटाला आन जाकिटालाच हळद लावली. पोटाला, पाठीला, खिशात बी. धोब्यानं हात टेकले. आन आता आमच्या गावात काय हाय सांगू? प्रत्येक नवरदेव हळदीला जाकीट घालून बसतो. उन्हाळ्यात बसतो, घामानं निथळत बसतो. एकानं सदऱ्यावरच बसतो म्हणलं, तर भावकीनं लग्न थांबवलं. म्हातारे पाव्हण्यांना सांगतेत, आमच्यात निजामाच्या काळापासून अशीच रीत हाय. माझ्या तोंडासमोर सांगतेत! माझी एकट्याची लाज, आन गावाची रीत होऊन बसली—नवस. नवस म्हणायचं होतं मला.

बायकोला? बायकोला ठाऊक हाय. बायकोला ठाऊक नसून कसं चालंल. पण कधी बोलली न्हाई. मागच्या दिवाळीला फक्त एवढंच म्हणली, रामलिंग आता अंघोळीला आतून कडी लावून घेतो, तुमच्यासारखी. मी समजलो. बाप म्हणून मला जेवढं ठाऊक होतं तेवढं केलं—पोराला जिलानीभाईंकडं नेलं. डबल कॅनव्हास. पोरगं आरशासमोर उभं राहिलं, म्हणलं, पप्पा, मी बी पुढारी दिसतो. लई गोड हसलं. मला वाटलं मिटलं, आमच्या घरात ह्या दुखण्याला हेच औषध, मला लागू पडलं, त्याला बी पडंल. ह्या दुखण्याला. हाव. आता निघालंच तोंडातून तर निघालं.

पण ह्या क्लासवाल्यानं टी-शर्ट काढला. पिवळा, पातळ, तोंडासमोर धरला तर पलीकडचं दिसावं असला, आन छातीवर मोठ्या अक्षरात 'उद्याचा डॉक्टर'. सगळ्यांना सक्ती. वर जाकीट, स्वेटर चालणार न्हाई. आन वाटप कुणाच्या हस्ते? माझ्या. स्टेजवर एकेक पोरगं वर येऊन राहिलं, मी टी-शर्ट देऊन राहिलो, फोटो निघून राहिले, आन रांगेत रामलिंग. मी त्याच्या हातात टी-शर्ट ठेवला, त्यानं माझ्याकडं बघितलं, मी कॅमेऱ्याकडं बघितलं. पट्टी तवापासनं असणार. हॉस्टेलातली पोरं काय कमी असतेत? विहिरीवरची कमी नव्हती तर ही कशी असतील.

काय म्हणला? तुम्हाला म्हणला तो? कधी, आत्ता तपासताना? परत सांगा. 'पप्पा वाघ हायेत, त्यांची छाती बघा, त्यांच्या पोटी मीच असा कसा निघालो'—असं म्हणला?

पाणी द्या जरा.

आन तुम्हाला वाटतं मी हे जाकीट काढावं. त्याच्यासमोर. तुम्ही लहान हाव अजून साहेब, तुम्हाला वाटतं माणसानं खरं दाखवलं की सगळं नीट होतं. नीट होतं का? वाघ गेला तर त्याच्याकडं काय राहतं? बाहेर ते चौघं हायेत, गाव हाय, हळदीला बसलेले सगळे नवरदेव हायेत, त्यांना मी काय—थांबा, फोन. हां. हां बोला सर. फीत बांधली? पेढे आले? हां. न्हाई सर, मला जमायचं न्हाई. न्हाई, उद्या बी न्हाई. तुम्हीच कापा की. कात्री हाय ना? मग झालं.

वरचं बटण जरा अवघड हाय हे, मुद्दाम घट्ट करून घेतलंय. हां. धरा. टांगू नका, खुर्चीवर ठेवा. बघा, बसलं की न्हाई ताठ? माझ्याबिगर बी पुढारीच दिसून राहिलंय. त्यालाच धाडलं असतं फीत कापायला, कुणाला कळलं नसतं.

आता सदरा. बनियन बी. हाव, कळतंय मला. तुम्ही बाहेर जा. तुम्हीच, हाव—खोली तुमची हाय, खुर्ची तुमची हाय, ठाऊक हाय, पण तुमच्यासमोर काढायला मी काय पेशंट हाय का? जाऊन बसा त्या कापसाशेजारी. कुणी विचारलं तर सांगा, भाऊ मिटिंगमधी हायेत. जाताना त्या खोलीतून पोराला आत लावून द्या. आन पंखा बंद करा तेवढा, गार लागून राहिलंय. जा म्हणलं ना साहेब. जा.

ये रामलिंग. दार लोट. आरं, असा काय बघतोस—मीच हाय.