सिंगापूरला हिवाळा नाय

—म्हंजी दर्भाचा पुतळा करायचा, त्याला तुझ्या काकाचं नाव द्यायचं आन् पैठणला गंगेकाठी जाळायचा, व्हय ना? मग तसं सांग की बन्सी, सख्खा पुतण्या हाईस माझा, उंबऱ्यावर काय बसतोस चोरासारखा — ये, आत ये. बारा वर्षं खबर नाय म्हंजी माणूस मेला, शास्त्र हाय, ठावं हाय मला. मी कुंकू पुसते का, एवढंच इचारायला भावकीनं धाडलं तुला. पर जाळायच्या आधी माणूस कुठं गेला ते तरी ऐकून घे.

पोलीस अॅक्शन झाली, निजाम गेला, नवाब-जहागीरदार घरी बसले — आन् गुलमंडीतल्या आपल्या दुकानात हिमरूच्या शालींना गिऱ्हाईक राहिलं नाय. शाली विणणाऱ्या चांदपाशाचे माग बंद. कुण्या दलालानं सांगितलं, सिंगापूरच्या बंदरात काय बी खपतं. हे म्हणाले, जाऊ का? मी म्हणलं, जावा, पौषात पोचा, थंडी पडली की शाली हातोहात जातील. — हसू नको. तू शाळा शिकलास. आमाला काय ठावं, जगात बिनहिवाळ्याचं गाव असतं म्हणून? लिंबाचा पाला घालून पेटी मी भरली. मी.

एकच पत्र आलं. उर्दूत — निजामाच्या शाळेतलं शिक्षण त्यांचं, मराठी लिवताना हात अडायचा. चांदपाशानं तीनदा वाचलं, मला आजून तोंडपाठ हाय. बंदरात नावा इतक्या की खाली पाणी हाय का नाय कळत नाय. चिनी हमाल उघड्या अंगानं गोण्या वाहत्यात, मासळीचा वास नाकातून जात नाय, रस्त्यात दहा भाषा, आपली एक नाय. आन् घाम — पौषात घाम, सारजा! पहिल्या दुकानदारानं शाल हातात घेतली, तिच्यानं कपाळ पुसलं आन् परत दिली. कपाळ पुसलं रं, बन्सी! शेवटाला लिवलं होतं, तू म्हणशील तर माल घेऊन माघारी येतो. फकस्त 'या' म्हण.

जबाब चांदपाशानंच लिवला, मी सांगितला तसा. काय सांगितला? — जाऊ दे. पाणी पितोस का? — सांगितलं, पेटी रिकामी झाल्याबिगर तोंड दाखवू नका. तो म्हणला, "भाबी, ऐसा मत लिखाओ, परदेस में है आदमी." मी म्हणलं, लिव. त्याच्या लेकराची आन घातली त्याला, एक अक्षर बदलायचं नाय. नाय बदललं. लई इमानदार माणूस. अरं, मी अडाणी बाई, कागदावर काय उतरलं ते मला कळणार होतं का? लिवायचं ना 'या'! एक डाव खोटं वागला असता मेला, तर काय दोजखात गेला असता?

तवापासून टपाल नाय. तुमी म्हणता बुडाले, तापानं गेले. मला वाटतं, जित्ते हाईत. माझा शब्द पाळायलेत. पर त्या गावात शाल घेणार कोण? कधी सरायची ती पेटी?

जाळा. कुंकवाचं माझं मी बघीन, बाया धाडू नको. पर मला सांग, पुतळा जाळला म्हंजी माणूस सुटतो ना रं, कुणी घातलेल्या अटीतनं?

— नाय? तसं नसतं?

बरं. तरी जाळा. ऊठ आता. ऊठ म्हणते ना.