शिकवणीत न आलेलं वाक्य

व्हिसा कार्यालयाच्या बाकावर एक निवृत्त नर्स आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. शेजारी एक वयस्कर जोडपं हळू आवाजात बोलत होतं, पण बाक एवढासा की सगळं ऐकू येत होतं.

“अगं, इथल्या पेन्शनीत आपण नुसतं तग धरतो. तिकडे त्यातच समुद्रासमोर घर मिळतं.”

“समुद्राशी काय गप्पा मारू? मला तिथल्या भाषेतलं एक अक्षर येत नाही.”

“मला येतं की. शिकवणी उगाच लावली का?”

“काय येतं? ‘कांदे महाग आहेत, कमी करा.’”

“भाव करता आला की माणूस कुठेही जगतो.”

“आणि माणूसच पडला तर? मागे तुम्ही बाथरूममध्ये कोसळलात, तेव्हा मी खिडकीतून हाका मारल्या म्हणून शेजारी धावले. तिथे काय ओरडू, कांदे महाग आहेत?”

“तू पण ना.”

“‘माझे मिस्टर उठत नाहीयेत, लवकर या.’ एवढंच शिकवा मला.”

तो आठवत राहिला.

“हे अजून झालं नाही आमचं.”

काउंटरच्या खिडकीतून जोडप्याचा नंबर पुकारला गेला. बायको जागची हलली नाही. नर्स उठून खिडकीशी गेली आणि म्हणाली, “ते येतायत. जरा थांबा.”

तिच्या मागे, बाकावर, नवऱ्यानं फोन लावला होता.

“मास्तर, एक वाक्य हवं होतं. नाही, बाजारातलं नाही.”